नवं सस्पेन्शन घातलं, तरी गाडी हायवेवर भटकते

ताशी ६५ मैलांचा वेग, सरळ रस्ता, स्टिअरिंगही सरळ धरलेलं. आणि तरी गाडी आपल्या मर्जीने कधी डावीकडे, कधी उजवीकडे निघते. तुम्ही हलकेच सावरता, ती पलीकडे जाते, तुम्ही पुन्हा सावरता. अर्ध्या तासात खांदे भरून येतात आणि शेजारी बसलेलं माणूस विचारतं, "झोप येतेय का?"

जुन्या मसल कारना, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या ताकदवान अमेरिकन गाड्यांना, हा त्रास नवा नाही. नवल याचं, की पुष्कळांना तो सस्पेन्शन बदलल्यावर जास्तच जाणवू लागतो. माझंही तेच झालं. गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल. एका हिवाळ्यात तिला जवळजवळ सगळं नवं घातलं: दोन इंच बसक्या, कडक स्प्रिंगा, गॅसचे शॉक, पुढे सव्वा इंची स्वे बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी), मागेही एक बार, आणि सगळ्या सांध्यांत रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश. वसंतात गाडी बाहेर काढली. पहिल्याच वळणावर खूश झालो, कारण पूर्वी होडीसारखी कलणारी गाडी आता सपाट वळली. मग हायवेला लागलो, आणि लेनच्या मधोमध राहणं हीच एक कसरत होऊन बसली.

त्यानंतर मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. गाडी सैल वाटतेय ना, मग अजून कडक करू. शॉक अजून कडक, टायरमधली हवा अजून जास्त, स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू अजून अर्धा फेरा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. कडकपणाने ठरतं ते गाडी वळणावर किती कलणार. ती सरळ चालणार की नाही, हे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत आणि वर-खाली होताना तो कोन कसा बदलतो यावर ठरतं. स्प्रिंग, बुश, स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग), काहीही बदला, तो कोन हलतो. किटच्या खोक्यात हे लिहिलेलं नसतं.

खाली लिहिलंय ते मुख्यतः जनरल मोटर्सच्या १९६४ ते १९७२ मधल्या ए-बॉडी गाड्यांबद्दल, म्हणजे शेव्हेल, जीटीओ, कटलस, स्कायलार्क. १९६७ ते ६९ ची कॅमेरो आणि फायरबर्ड यांचं पुढचं सस्पेन्शन त्याच जातीचं, मागे मात्र पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. फोर्डची मस्टँग आणि मोपार, म्हणजे क्रायस्लरच्या गाड्या, यांची रचना वेगळी, पण तपासण्याचा क्रम तोच राहतो.

कोणत्या प्रकारची भटक आहे?

"गाडी भटकते" एवढ्यावरून काही कळत नाही. एकदा शांतपणे चालवून बघा आणि नेमकं केव्हा होतं ते लिहून ठेवा.

गुळगुळीत, सपाट रस्त्यावर, वारा नसताना, सतत थोडं-थोडं सावरावं लागत असेल तर कॅस्टर (त्याबद्दल पुढे) कमी आहे, टो बाहेर गेलाय, म्हणजे पुढची चाकं समोरून एकमेकांपासून फाकलीत, किंवा स्टिअरिंगच्या जोडण्यांत कुठेतरी खेळ आहे. रस्ता बरा असताना गाडी सरळ जाते, पण एक चाक उंचवट्यावरून गेलं की झटका बसून दिशा बदलते, असं असेल तर बंप स्टिअरचा (हेही पुढे सांगतो) संशय घ्या, किंवा सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे प्रवास संपतो तिथल्या रबरी अडसरावर, आपटतंय. ॲक्सिलरेटर दाबताना एकीकडे आणि सोडताना दुसरीकडे जात असेल तर दोष मागच्या ॲक्सलमध्ये, पुढे हात लावू नका. आणि ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या धरून गाडी चालत असेल तर रुंद टायर आणि रिमचा ऑफसेट बघा. पुढे रुंद, बाहेर आलेली रिमं घातली की रस्त्यावरची प्रत्येक रेघ स्टिअरिंगपर्यंत पोचते. त्यावर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन लावून घेण्याचा, उपाय अर्धाच चालतो.

माझ्या गाडीत पहिले तीनही प्रकार एकत्र होते. म्हणून एक दुरुस्त केला की दुसरा दिसायचा, आणि मला वाटायचं पहिलाच परत आला.

खेळ शोधा, पण स्क्रू पिळू नका

चाकं जमिनीवर, इंजिन चालू, एका मदतनिसाला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच भरभर हलवायला सांगा. तुम्ही गाडीखाली. गाडी रँपवर असू दे किंवा खड्ड्यावर. जॅकवर नाही, आणि ब्रेक लावून, चाकांना अडकण देऊन. आता एकेका जोडाला बोटं लावून बघा: टाय रॉडची टोकं, सेंटर लिंक, आयडलर आर्म, पिटमन आर्म, वर स्टिअरिंग शाफ्टचा रबरी जोड. एक तुकडा हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा क्षणभर थांबतो, तिथे खेळ आहे. या गाड्यांत आयडलर आर्म सर्वांत आधी जातो, आणि सर्वांत शेवटी बघितला जातो. कारण चाक उचलून हलवून बघण्याच्या नेहमीच्या तपासणीत तो ठणठणीत वाटतो.

आता स्टिअरिंग बॉक्सवरच्या त्या स्क्रूबद्दल. वर एक लॉकनट आणि मधोमध स्क्रू; पिळला की खेळ कमी होतो. मोह फार होतो. पण तो स्क्रू फक्त मध्यावरचं दातांचं घर्षण वाढवतो. जास्त पिळला की बॉक्स मध्यावर घट्ट होतो, आणि सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याऐवजी जिथे आहे तिथेच चिकटून राहतं. मग गाडी एकीकडे जाते, तुम्ही ओढता, ती दुसरीकडे जाऊन तिथे चिकटते. लक्षण अगदी सैल स्टिअरिंगसारखं, कारण नेमकं उलटं. मी स्वतः दीड वर्षं असा घट्ट बॉक्स घेऊन फिरलो. शंका असेल तर गाडीचं नाक उचला, इंजिन बंद ठेवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर ठळक गाठ लागल्यासारखं जाणवलं तर स्क्रू सैल करा. योग्य पद्धत म्हणजे पिटमन आर्म सोडवून, इंच-पाउंड मोजणाऱ्या टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यावर तो लावणं. तसा पाना नसेल तर त्या स्क्रूला हात न लावलेलाच बरा.

बुश कसे आवळले होते, आठवतंय?

नव्या किटनंतरच्या तक्रारींत ही चूक मला वारंवार दिसते. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत सगळे नट फुल टॉर्कला आवळून टाकलेले. मूळ रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला घट्ट चिकटलेला असतो. कंट्रोल आर्म, म्हणजे चाक फ्रेमला धरून ठेवणारा दांडा, हलतो तो रबर पिळून. लोंबत्या अवस्थेत आवळला की गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं: गाडी एक-अर्धा इंच उंच बसते, दोन बाजू सारख्या बसत नाहीत, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. रबरी बुश असतील तर नट नुसते टेकवून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकला, बंपर दाबून उसळी द्या, आणि मगच शेवटचं आवळा.

पॉलियुरेथेनला हे लागू नाही, कारण त्यात आतली नळी घासत फिरते. पण त्याचा दुसरा दोष आहे, तो पुढे मागच्या ॲक्सलबद्दल लिहिताना सांगतो.

आता उंची. पेट्रोलची टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाएवढं ओझं, चारही टायरांत हवा सारखी, आणि मग फेंडरच्या कडेपासून रिमच्या मध्यापर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून लिहा. उंची पक्की केल्याशिवाय अलाइनमेंटवर पैसे घालवू नका. हे वाक्य मी आधी कुठे वाचलं असतं तर तीन अलाइनमेंटचे, म्हणजे तीनेकशे डॉलर वाचले असते.

गाडी बसकी केली असेल तर अजून एक बघा: कंट्रोल आर्म आणि बंप स्टॉप यांच्यात किती जागा उरली? शॉकच्या दांड्यावर एक बारीक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बसवा आणि खाली, शॉकच्या अंगाला लावून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर दहा मैल फिरून या. टाय किती सरकली त्यावरून सस्पेन्शनने किती प्रवास केला ते कळतं. माझ्या गाडीत डावीकडची टाय बंप स्टॉपच्या हद्दीपर्यंत गेली होती. काँक्रीटच्या रस्त्यावर दर सांध्याला डावं चाक स्टॉपवर टेकत होतं, आणि टेकताक्षणी त्या बाजूची स्प्रिंग जणू दगड होत होती. झटका बसायचा तो त्याचा. कमी उंचीचे बंप स्टॉप आणि अर्धा इंच उंच स्प्रिंग, एवढ्यावर ते थांबलं. दोन इंच बसकी गाडी दिसते छान, पण या गाड्यांच्या पुढच्या भागाला दीड इंचानंतर श्वास घ्यायला जागा उरत नाही, असं माझं मत झालंय.

स्प्रिंग काढायची असेल तर एक सूचना, आणि ती थट्टेने घेऊ नका. दाबलेल्या पुढच्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. खालच्या आर्मखाली जॅक, स्प्रिंगमधून साखळी ओवून फ्रेमला बांधलेली, आणि तुमचं डोकं तिच्या वाटेत नाही. बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि स्पिंडल यांच्यातला गोल सांधा, सोडवताना घाई नको.

खरा गुन्हेगार: कॅस्टर

सायकलचा पुढचा चिमटा वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहू बघतं. गाडीत तेच काम कॅस्टर करतो: वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा जितका मागे, तितका कॅस्टर धन. १९६० च्या दशकात या गाड्यांना कॅस्टर शून्याच्या आसपास दिला जायचा, काही मॉडेलांना चक्क उणे. तेव्हाचे बायस-प्लाय (रेडियलच्या आधीच्या जुन्या जातीचे) टायर आणि पार्किंगमध्ये हाताला जड जाणारं पॉवरशिवायचं स्टिअरिंग, हे धरून ते आकडे काढलेले होते. तुमच्या गाडीवर आज रेडियल टायर आहेत आणि बहुधा पॉवर स्टिअरिंगही. तरी अलाइनमेंटवाला कंप्यूटरमध्ये "१९७० शेव्हेल" शोधतो, पन्नास वर्षांपूर्वीचा आकडा काढतो, गाडी त्यावर अचूक लावतो आणि हिरवे रकाने छापलेला कागद हातात देतो. कागद हिरवा, गाडी तशीच. माझ्याकडे असे तीन कागद आहेत.

रेडियल टायर आणि पॉवर स्टिअरिंग असलेल्या, रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी हे आकडे सांगतो: कॅस्टर धन ४ ते ५ अंश, कॅम्बर (चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकलंय; आत म्हणजे उणे) उणे अर्धा अंश, एकूण टो-इन, म्हणजे चाकं समोरून आत वळलेली, १/१६ ते १/८ इंच. पॉवर स्टिअरिंग नसेल तर कॅस्टर २ ते ३ वर थांबा, नाहीतर पार्किंग करताना दंड मोडतील. हे आकडे स्वतः लिहून न्या आणि "कंपनीच्या आकड्यावर लावू नका, यावर लावा" असं स्पष्ट सांगा. काही जण नाही म्हणतील. मग दुसरीकडे जा.

आता एक हिशेब, जो मला फार उशिरा सुचला. मागची बाजू वर उचलली की सगळी गाडी पुढे झुकते, आणि तिच्यासोबत कॅस्टरही कमी होतो. माझ्या दोन दारांच्या शेव्हेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११२ इंच. मागे दोन इंच उचललं तर गाडी जवळजवळ एक अंश पुढे झुकते, म्हणजे कॅस्टर एक अंशाने गेला. सत्तरच्या दशकात हवेचे शॉक आणि लांब शॅकल लावून मागून उंच केलेल्या गाड्या सरळ का चालत नसत, याचं निम्मं उत्तर इथे आहे. माझ्या किटने पुढे दोन इंच बसवलं होतं आणि मागच्या स्प्रिंगा जेमतेम अर्धा इंच बसल्या होत्या. म्हणजे दीड इंचाचा झुकाव मीच विकत घेतला होता, आणि वर तो दिसायला झकास म्हणून फोटोही काढले होते.

कॅस्टर वाढवायचा कसा? ए-बॉडी आणि जुन्या कॅमेरोत वरच्या कंट्रोल आर्मचा शाफ्ट दोन बोल्टांनी फ्रेमला लागतो, मध्ये पातळ पट्ट्या, म्हणजे शिम असतात. शिम घातल्या की शाफ्ट इंजिनाकडे सरकतो. दोन्ही बोल्टांवर सारख्या घातल्या तर कॅम्बर उणेकडे जातो. फक्त मागच्या बोल्टावर घातल्या, किंवा पुढच्या बोल्टावरून काढल्या, तर बॉल जॉइंट मागे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. ऐकायला सोपं आहे, पण मूळ आर्म ठेवून दोनेक अंशांपुढे जाणं कठीण: मागच्या बोल्टावर शिमांची चळत वाढत जाते, नटाला आटे पुरत नाहीत, आणि कॅम्बरही नको तितका उणे होतो. शेवटचे आटे नटाच्या बाहेर दिसत नसतील तर तिथे थांबा. पुढचा मार्ग म्हणजे ऑफसेट शाफ्ट, किंवा ज्यात बॉल जॉइंटची जागाच मागे घेतलेली आहे असे नळीचे वरचे आर्म. सगळ्या किटमधून एकच वस्तू घ्या असं कुणी म्हटलं तर मी हे आर्म घेईन. स्वे बार नंतर.

घरी मोजायचं असेल तर तेही जमतं. कॅम्बरसाठी चाकाला उभी काटकोनी पट्टी लावा: १५ इंची रिमवर वरच्या आणि खालच्या कडेच्या अंतरात पाव इंच फरक म्हणजे साधारण एक अंश. कॅस्टरसाठी पुढच्या दोन्ही चाकांखाली फरशीचे दोन-दोन तुकडे, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडखळत नाही. चाक पुढून बाहेर २० अंश वळवून कॅम्बर वाचा, मग आत २० अंश वळवून वाचा. पहिल्यातून दुसरा वजा करा, दीडने गुणा. आला कॅस्टर. चिन्हं सांभाळा. मी एकदा उणेचा धन केला आणि दिवसभर स्वतःची पाठ थोपटत बसलो.

माझ्या गाडीत सुरुवातीला कॅस्टर होता उणे अर्धा. नवे आर्म आणि शिम मिळून साडेचार झाला. त्याच संध्याकाळी हायवेवर गेलो. सपाट रस्त्यावरची भटक गेली होती. वळण संपलं की स्टिअरिंग हातातून आपोआप सरळ येत होतं, जे या गाडीत मी कधी पाहिलंच नव्हतं.

उरलेला झटका: बंप स्टिअर

सपाट रस्ता सुधारला, पण खड्ड्यावरून जाताना नाक अजून हलत होतं. चाक वर-खाली होताना कंट्रोल आर्म एका कमानीत फिरतो आणि टाय रॉड दुसऱ्या. या दोन कमानी जुळल्या नाहीत तर नुसत्या उंचवट्याने चाक थोडं वळतं. तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरून असता, आणि चाकाने आपली दिशा बदललेली असते.

किटने हे बिघडू शकतं का? सहज. बसक्या स्प्रिंगांनी आर्म वेगळ्या कोनात येतात. बसक्या स्पिंडलमध्ये टाय रॉडची जागा कधीकधी चुकीच्या उंचीवर असते. ए-बॉडीवर मोठ्या बी-बॉडी गाड्यांचे उंच स्पिंडल बसवण्याची पद्धत एकेकाळी फार लोकप्रिय होती, डिस्क ब्रेकही मिळतात आणि कॅम्बरही वळणावर योग्य दिशेने बदलतो म्हणून. पण त्याबरोबर बंप स्टिअर येतो, हे कळेपर्यंत अनेकांनी ते बसवून टाकले होते. कॅम्बरचंच हवं असेल तर अर्धा इंच उंच वरचा बॉल जॉइंट हा कमी उपद्रवी मार्ग आहे. मूळ रचनेत वळणावर बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं, म्हणजे टायर कडेवर चालतो. उंच बॉल जॉइंटने ते उलटतं. कॅमेरोवर हाच परिणाम वरच्या आर्मचा पाया खाली घेऊन साधतात. डिक गुल्डस्ट्रँड या रेसरच्या नावाने तो बदल ओळखला जातो. मस्टँगमध्ये तेच काम फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी वरचा आर्म एक इंच खाली आणून केलं आणि १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० वर ते आलं. साठ वर्षं झाली, अजून यापेक्षा स्वस्त सुधारणा त्या गाडीला सापडलेली नाही. फक्त भोकं पाडायचा साचा नीट धरा.

मोजण्यासाठी त्या बाजूची स्प्रिंग, शॉक आणि स्वे बारची लिंक काढा. हबवर सपाट फळी लावा. आर्म जॅकवर घेऊन गाडीच्या नेहमीच्या उंचीला आणा, स्टिअरिंग मधोमध अडकवून ठेवा. फळीसमोर पुढे-मागे दोन डायल गेज, नसतील तर फळीवर लेसर पेन बांधून लांबच्या भिंतीवरचा ठिपका बघा. आता अर्धा-अर्धा इंच वर, मग खाली, दोन्हीकडे दोन इंचांपर्यंत. दर पायरीला आकडा लिहा. इंचाला १/३२ पेक्षा कमी टो बदलत असेल तर रस्त्यासाठी पुरे. माझ्याकडे त्याच्या तिप्पट होता.

या गाड्यांत टाय रॉड ॲक्सलच्या मागे आहे. त्या रचनेत चाक वर जाताना टो-आउट होत असेल तर टाय रॉडचं बाहेरचं टोक खाली घ्यायचं. टो-इन होत असेल तर वर. त्यासाठी मूळ टोकाऐवजी बोल्ट आणि वॉशर लावता येतील असे रॉड-एंड मिळतात. एका वेळी एक वॉशर, आणि पुन्हा मोजणी. कंटाळवाणं काम आहे. दोन रविवार गेले. ज्यांच्या गाडीचं टाय रॉड पुढे आहे, उदाहरणार्थ १९७० पासूनची, दुसऱ्या पिढीची कॅमेरो, त्यांनी हे नेमकं उलटं वाचावं.

आणि मागे?

मागे मी फार उशिरा बघितलं. शेव्हेलमध्ये चार आर्म ॲक्सल धरून ठेवतात. वरचे दोन तिरके असतात आणि तेच ॲक्सलला आडवं सरकू देत नाहीत. गाडी कलली की त्या वरच्या आर्मच्या बुशना पिळावं लागतं. रबर पिळतं. पॉलियुरेथेन पिळत नाही, अडतं. मग ॲक्सल मोकळेपणी कलत नाही, एका क्षणी अडकतो आणि सुटतो, आणि मागची बाजू वळणात अचानक पाय घसरल्यासारखी वागते. खालच्या आर्मना पॉली चालेल, वरच्यांना रबर किंवा गोल सांधेच हवेत. मी वरचे पॉली काढून रबर घातले. खर्च किरकोळ. पाट्यांच्या गाड्यांत हा प्रश्न येत नाही.

ॲक्सल काटकोनात आहे का, तेही मोजा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना घ्या. माझ्याकडे ३/८ इंच फरक निघाला. डाव्या-उजव्या चाकांमधल्या साठेक इंच अंतरावर तो एक तृतीयांश अंशापेक्षा थोडा जास्त होतो. म्हणजे मागची चाकं गाडीला सतत थोडं तिरकं ढकलत होती आणि मी स्टिअरिंग थोडं वाकडं धरून ती सरळ मानत होतो. लांबी बदलता येणारे खालचे आर्म घालून ते जुळवलं. मूळ आर्म उघड्या पत्र्याचे असतील आणि त्यांना स्वे बार बोल्ट केला असेल, तर आधी ते बंद पेटीसारखे करून घ्या. नाहीतर बार आर्मलाच पिळतो.

स्वे बारवरून आठवलं. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १५/१६ इंचाच्या जागी सव्वा इंची बार म्हणजे दिसायला थोडा जाड, पण कडकपणाला सुमारे तिप्पट. पुढे एवढा जाड बार लावला की गाडी वळायचं नाकारते आणि नाक बाहेर जातं. मागे जाड लावला तर शेपूट बाहेर जाते, पावसात विशेष. माझ्या गाडीवर आता सव्वा आहेच, पण नव्याने करायचं असतं तर १ १/८ वर थांबलो असतो. मूळच्या दुप्पट तेवढ्यानेही होतं. लिंक लावताना गाडी चाकांवर असू द्या, म्हणजे बार एका बाजूला ताणलेला बसत नाही.

सगळं झाल्यावर एक छोटी गोष्ट राहिली होती. गाडी सरळ जायची, पण हात सोडला की दहा-बारा सेकंदांनी हळूच उजवीकडे. अमेरिकेतल्या रस्त्याला पाणी वाहून जावं म्हणून उजवीकडे उतार असतो, आणि गाडी त्या उताराने जाते. गाडी नेहमी कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढली जाते, म्हणून डावीकडचा कॅस्टर उजव्यापेक्षा अर्धा अंश कमी ठेवतात. डाव्या मागच्या बोल्टावरून एक पातळ शिम काढली, टो पुन्हा तपासला. आता ती खिळ्यासारखी सरळ जाते. पुढच्या पॉली बुशमधून मात्र थंडीत अजून करकर येते. सिलिकॉनचं ग्रीस भरलं की दोन महिने गप्प बसतात, मग पुन्हा सुरू.